सुनेसाठी तीरकामठा

विठ्ठलराव आसुटकरांच्या हातून घरातलं एकही काम आजवर धड पार पडलं नव्हतं. पण काम हाती घेण्याआधी गावाला सांगायला मात्र ते कधी चुकले नव्हते. नळाची तोटी स्वतः बसवली तेव्हा अंगणात असं कारंजं उडालं, की आजूबाजूच्या बायांनी त्यात धुणं उरकून घेतलं. कूलर दुरुस्त केला तेव्हा तो वारा द्यायचं सोडून नुसता हंबरायला लागला, आणि गोठ्यातली गाय त्याला उत्तरं देऊ लागली. त्यामुळे पौषातल्या एका सकाळी, मारेगावजवळच्या त्यांच्या गावात पानठेल्यावर उभं राहून त्यांनी जाहीर केलं, की आपण एका साध्या फळीतून खराखुरा तीरकामठा काढणार, बाण सोडणारा, तेव्हा फारसं कुणी दचकलं नाही. कोणासाठी, एवढं मात्र एकानं विचारलं.

विठ्ठलरावांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. "थे टायमावर समजंन."

पुढचं सगळं रामायण या एका वाक्यापायी घडलं.

गोष्ट खरी अशी होती, की तीरकामठा सुनेसाठी होता. अमरचं लग्न दिवाळीनंतर झालं. अमर वणीकडे कोळशाचा ट्रक चालवायचा, घरी यायचा तो आठवड्यातून एखाद्या दिवशी. त्याची बायको निकिता कळंबची. पोरगी कामाला चपळ होती, हसतमुख होती, पण बोलायची फार कमी. सांजेला काम आटोपलं की फाटकापाशी उभी राहून समोरच्या मोकळ्या वावराकडे पाहत राहायची. विठ्ठलरावांना ते खुपायचं. आपल्या घरात कुणी मुकं असावं ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे.

मग त्यांना निकिताच्या माहेरचा फोटो आठवला. सोयरीक पक्की करायला गेले तेव्हा भिंतीवर पाहिलेला. शाळेचं मैदान, निकितानं एक हात समोर ताणलेला, दुसरा मागे ओढलेला, गालाशी एक बारीक काडी, डोळे दूर कुठंतरी रोखलेले. फ्रेम अरुंद होती, त्यामुळे दोन्ही बाजूंचं काही दिसत नव्हतं. निकिताचे वडील अभिमानानं म्हणाले होते, की आमच्या पोरीनं जिल्ह्यातून मेडल आणलं आहे. कशात, तेही त्यांनी सांगितलं होतं, पण नेमका त्याच क्षणी आत मिक्सर सुरू झाला आणि खेळाचं नाव चटणीत वाटलं गेलं. विठ्ठलरावांना विचारायची गरजही वाटली नाही. एक हात पुढे, एक मागे, गालाशी काडी. आंधळ्यालाही कळावं, पोरगी तिरंदाज आहे.

म्हणून ठरलं. सुनेला तिचा तीरकामठा द्यायचा, आणि तोवर तिला पत्ता लागू द्यायचा नाही.

मोबाइलवर त्यांनी धनुष्य करणाऱ्या जगभरच्या माणसांचे इतके व्हिडिओ पाहिले, की त्यांचा मोबाइल त्यांना लग्नाची गाणीसुद्धा दाखवेनासा झाला. त्यातून मुद्द्याच्या गोष्टी त्यांनी उचलल्या. फळी अशी हवी, की तिच्या अंगावरच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाव्यात, मध्येच काठाबाहेर पळू नयेत. मधला मुठीचा भाग जाड ठेवायचा, दोन्ही बाजू टोकांकडे पातळ करत न्यायच्या. आणि धनुष्याची लांबी ते चालवणाऱ्याच्या उंचीएवढी हवी.

सुनेची उंची मोजायची कशी, हा पेच होता. निकिता दाराला तोरण बांधत असताना विठ्ठलराव तिच्यामागे हळूच गेले आणि चौकटीवर कोळशानं रेघ मारली. वच्छलाबाईंनी हे स्वयंपाकघरातून पाहिलं. नवरा सुनेच्या डोक्याची चौकटीवर नोंद का करतो आहे, हे काही त्यांना उमगेना. विचारलं तर म्हणाले, वाळवी पाहत होतो.

पहिला तीरकामठा माळ्यावरच्या सागाच्या फळीतून झाला. विठ्ठलरावांनी तो गोठ्यात खुंटीवर अडकवला, टोकांना बांधलेली दोरी धरली आणि हळूहळू खाली ओढायला घेतली. साग थोडा वाकला, मग आणखी थोडा वाकला. विठ्ठलरावांच्या तोंडावर हसू फुटलं आणि त्याच क्षणी सागही फुटला. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला, गाय खुंटा उपटून थेट ग्रामपंचायतीपर्यंत पळाली, आणि फळीचा अर्धा तुकडा विठ्ठलरावांच्या कपाळावर येऊन बसला. संध्याकाळी त्यांच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. पानठेल्यावर चौकशी झाली. गुपित फुटू नये म्हणून ते म्हणाले, "काही नाई, घरातलीच गोष्ट हाय." ठेल्यावरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून गावातली माणसं वच्छलाबाईंना वाटेत जरा लांबूनच नमस्कार करू लागली.

दुसरा तीरकामठा जुन्या खाटेच्या फळीचा. तो मोडला नाही, पण त्याची एक बाजू पाया पडायला निघाल्यासारखी वाकायची आणि दुसरी, मानपान न झालेल्या जावयासारखी ताठ राहायची. ताठ बाजू तासून तासून विठ्ठलरावांनी इतकी पातळ केली, की शेवटी ती पापडासारखी कडकन गेली.

तिसऱ्या खेपेला ते गोठ्यामागे गेले. तिथं त्यांच्या बापाची दमणी पडली होती, लग्नाकार्याला जायची छोटी बैलगाडी. चाकं कधीच गेली होती, पण तिच्या बाजूच्या फळ्या अजून शाबूत होत्या. त्या धामणाच्या. धामणाचं लाकूड वाकतं पण मोडत नाही, म्हणून बाप गाडीसाठी ते जंगलातून निवडून आणायचा. विठ्ठलरावांनी एक फळी काढली, धुतली, उन्हात धरली. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत निघाल्या होत्या, वखरानं ओढल्यासारख्या सरळ.

या खेपेला त्यांनी घाई केली नाही. आधी रंध्यानं, मग फुटक्या काचेच्या धारेनं ते फळीचं पोट खरवडत राहिले. मधाच्या रंगाचे कुरळे केस गळावेत तसे पातळ कीस पायाशी साचत गेले. थोडं खरवडायचं, खुंटीला लावायचं, दोरी ओढायची, लांब जाऊन पाहायचं. जिथं लाकूड अडेल तिथं खरवडायचं. जिथं जास्त झुकेल तिथं हातसुद्धा लावायचा नाही. असं करता करता एका दुपारी त्यांनी दोरी ओढली आणि दोन्ही बाजू एकदम, एकाच लयीत खाली आल्या. कुठं कोपरा नाही, कुठं अडणं नाही. चवथीच्या चंद्रासारखी कोर गोठ्यातल्या अंधारात उभी राहिली.

विठ्ठलराव पाहतच राहिले. मग त्यांनी धनुष्य खाली घेतलं, मुठीत धरून जरासं दाबलं. ते दबलं, आणि परत त्यांनाच ढकललं. वासराचं मुंडकं तळहातानं दाबावं आणि त्यानं मानेनं उलट जोर लावावा, तसं. इतकी वर्षं ऊनपावसात मुकाट पडलेल्या फळीच्या आत हा जोर होता आणि आपल्याला ठाऊक नव्हतं, या विचारानं त्यांच्या अंगावर काटा आला. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातून काहीतरी बरोबर झालं आहे, हे त्यांना इतकं नवीन होतं, की ते कुणाला सांगायचंही सुचलं नाही. त्या संध्याकाळी ते पानठेल्यावर गेले नाहीत. जेवतानाही बोलले नाहीत.

वच्छलाबाई घाबरल्या. बडबड करणाऱ्या नवऱ्याची त्यांना सवय होती, गप्प नवऱ्याची नव्हती. सकाळी त्या त्यांच्यामागोमाग गोठ्यात गेल्या. पाहतात तो विठ्ठलराव एका वाकड्या लाकडाला जवसाचं तेल चोळत बसलेले, नव्या बाळाला चोळावं तसं. मग त्यांना सगळं सांगावंच लागलं, आणि तो कोणासाठी हे कुणाला सांगणार नाही अशी शपथही बायकोकडून घ्यावी लागली.

वच्छलाबाईंनी शपथ तंतोतंत पाळली. सगळा घोटाळा तिथंच झाला.

त्याचं असं, की आसुटकरांच्या वावराला लागून तांड्यावरच्या रामलाल राठोडांचं वावर. दोघांच्या मध्ये धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्यावर बोरीचं एक झाड. ते कोणाचं यावरून दोघांचं इतकं वाजलं होतं, की कित्येक वर्षांत एकमेकांशी बोलणं नाही. बोरं पाखरं खात. बायकांचं मात्र बोलणं होतं. रामलालची बायको मोतीबाई हापशीवर भेटली तेव्हा वच्छलाबाईंच्या पोटात ती गोष्ट राहीना.

"माहे मालक गोठ्यात तीरकामठा करून राह्यले," त्या म्हणाल्या.

"ये याडी," मोतीबाईनं तिच्या बोलीत आईचं नाव काढलं. "कोणासाठी वो?"

वच्छलाबाईंना शपथ आठवली. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, आवाज खाली आणला. "थे नाई सांगता येत. तुमाले तं बिलकूल नाई. पण ज्याच्यासाठी हाय त्याले पाहून-मोजून करून राह्यले."

मोतीबाई घागर अर्धीच भरून घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून रामलाल हेल्मेट घालून वावरात येऊ लागला. हरभऱ्याला पाणी देताना हेल्मेट, धुऱ्याकाठचं गवत कापताना हेल्मेट. भाकर खातानाही तो हेल्मेटची काच जराशी वर करून घास आत सरकवायचा. विठ्ठलरावांनी लांबून पाहिलं आणि वच्छलाबाईंना सांगितलं, की रामलालचे कान फार दुखत असावेत बिचाऱ्याचे, थंडी बाधली. भांडण असलं तरी माणूस आहे. इकडे विठ्ठलराव हेल्मेटकडे टक लावून पाहत होते, हे रामलालनंही पाहिलं. त्यानं दुसऱ्या दिवशी शर्टाच्या आत पोटावर स्टीलचं ताट बांधलं. वाकला की ते वाजायचं.

अखेर त्याचा धीर सुटला. तो पोलीस पाटील लखीराम पवारांकडे गेला आणि म्हणाला, की विठ्ठलराव माझ्या मापाचा तीरकामठा करून राह्यला आहे. पाटलांनी आधी हसण्यावारी नेलं. मग पानठेल्यावर चौकशी केली, तर तीरकामठा खरा निघाला. कोणासाठी ते गुपित असल्याचंही खरं निघालं. कपाळावरचं टेंगूळ सगळ्यांनी पाहिलेलं. मामला आता हसण्याचा उरला नाही. पाटील निघाले तसा त्यांच्यामागे अर्धा गाव निघाला.

विठ्ठलराव तेव्हा अंगणात बसून बाणाच्या बुडाला कोंबडीची पिसं बांधत होते. बाण वेळूचा, टोकाला घासलेला खिळा. फाटकातून आधी पोलीस पाटील आले, मग हेल्मेटमधला रामलाल, मग माणसंच माणसं. विठ्ठलरावांना पहिल्यांदा वाटलं, की आपली कीर्ती झाली.

पाटलांनी घसा साफ करून विचारलं, की हे हत्यार कोणासाठी आहे. रामलालनं हेल्मेटच्या आतून काहीतरी म्हटलं, पण ते नुसतं घुमलं. मग त्यानं काच वर केली.

"झाडापायी जीव घेतेत का कोणाचा?" तो म्हणाला.

विठ्ठलरावांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांच्या हातातली पिसं गळून पडली. हा माणूस आपल्याला घाबरून वावरात हेल्मेट घालून फिरतो आहे, आणि आपण त्याच्या कानाची कीव करत होतो. रागवावं की रडावं हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी गुपित मोडलं. आत धनुष्य आणायला गेले आणि दोन्ही हातांवर आडवं धरून बाहेर आले.

तेल पिऊन धामण आतून दिवा लावल्यासारखा उजळला होता. पाटलांनी नकळत पायातली चप्पल काढली. रामलालनं हेल्मेट उतरवलं, नीट दिसावं म्हणून. दमणीची फळी होती, हे त्यालाही ओळखू आलं. लहानपणी त्याच गाडीतून तोही वरातीला गेला होता. त्यानं एका बोटानं धनुष्याची पाठ या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली.

"हे माह्या सुनेचं हाय," विठ्ठलराव म्हणाले. "थे जिल्ह्याची तिरंदाज हाय. मेडल हाय तिले. निकिता, इकडं ये बेटा."

निकिता कणकेचे हात पुसत बाहेर आली. अर्धा गाव आपल्याकडे का पाहतो आहे ते तिला कळेना. सासऱ्यांनी धनुष्य तिच्या हातात ठेवलं. तिनं ते पाहिलं, उचलून पाहिलं, टोकाशी कोरलेली खाच पाहिली, आणि तिचे डोळे भरून आले. मग ती सासऱ्याच्या जवळ सरकली आणि अगदी हळू म्हणाली, "मामाजी, माहं मेडल भालाफेकीचं हाय."

विठ्ठलरावांच्या डोळ्यांपुढून तो फोटो सरकन गेला. पुढे हात, मागे हात, गालाशी काडी. काडी फ्रेमच्या बाहेर दोन्हीकडे बरीच लांब गेली असली पाहिजे.

"मंग आता?" ते तितक्याच हळू म्हणाले.

गाव वाट पाहत होता. रामलाल वाट पाहत होता. सून तिरंदाज नाही असं आता म्हटलं, तर तीरकामठा कोणासाठी या प्रश्नाचं एकच उत्तर उरत होतं. निकितानं एकदा सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा त्यांच्या सोललेल्या बोटांकडे. मग तिनं पदर कमरेला खोचला.

"कसं धरतेत, तेवढं सांगा," ती पुटपुटली.

सगळे मागच्या वावरात गेले. कापूस वेचून झाला होता, पऱ्हाटी उपटलेली, जमीन मोकळी. कडब्याची एक पेंढी दूर उभी केली. तिच्यापलीकडे धुरा, आणि धुऱ्यापलीकडे रामलालचं वावर नाल्याकडे उतरत गेलेलं. तिकडे कुणी आहे का, असं पाटलांनी विचारलं. रामलाल म्हणाला, की तिकडे तो एकटाच असतो, आणि तो तर इथं आहे.

निकितानं पाय रोवले. विठ्ठलरावांनी व्हिडिओत पाहिलेलं सगळं तिच्या कानात सांगितलं आणि बाजूला झाले. तिनं दोरी ओढली. भाला फेकणारा तो खांदा, त्याला धनुष्य वाकवणं म्हणजे काय. दोरी गालापाशी आली, धामण गोल होत गेला, आणखी गोल. आता फुटेल, आता फुटेल, असं म्हणत विठ्ठलरावांनी डोळे मिटले. फुटलं नाही. डोळे उघडले तेव्हा समोर सून नव्हती, फोटोतली ती पोरगी होती. डोळे दूर रोखलेले, फ्रेम कुठंच नाही.

तिनं सोडलं.

आवाज अगदी लहान झाला, कुणी ओठांनी 'हुं' म्हणावं एवढा. बाण कडब्याच्या पेंढीवरून गेला. धुऱ्यावरून गेला. बोरीच्या शेंड्यावरून गेला, तिथली पाखरं भुर्रकन उडाली. तो चढतच राहिला, उन्हात एकदा चमकला, मग अगदी काडीएवढा, मग केसाएवढा झाला, आणि उताराआड कुठंतरी उतरला. एका फळीतून निघालेली ती गोष्ट आभाळात इतकी दूर जाताना गावातल्या कुणीही पाहिली नव्हती. बाण दिसेनासा झाल्यावरही सगळे माना वर करून तिकडेच पाहत राहिले. मोतीबाईनं आभाळाकडे पाहून हात जोडले. विठ्ठलरावांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायचं भान नव्हतं.

"हे तुमीच केलं?" रामलालनं विचारलं. कित्येक वर्षांत तो विठ्ठलरावांशी नीट बोललेलं हे पहिलं वाक्य.

"मीच केलं," विठ्ठलराव म्हणाले, आणि या खेपेला त्यात बढाई नव्हती.

पाटील म्हणाले, की बाण शोधला पाहिजे, खिळा आहे त्याला, कुणाच्या पायात जाईल. सगळे धुरा ओलांडून निघाले. रामलाल आणि विठ्ठलराव पुढे, खांद्याला खांदा लावून, हरभऱ्याच्या ओळीतून. रामलाल चालता चालता सांगत होता, की असा एक आपल्यालाही पाहिजे, नुसता भिंतीवर लावायला. विठ्ठलराव म्हणाले, फळ्या पडल्या आहेत, या एखाद्या दिवशी, दोघं मिळून करू. उतार सुरू झाला. रामलाल एकदम थांबला.

उताराच्या मधोमध, रोही आणि हरणांना भिवविण्यासाठी, रामलालनं बुजगावणं उभं केलं होतं. डोक्याला मडकं, अंगात रामलालचा जुना निळा शर्ट, हात पसरलेले. त्याच्या डाव्या खिशाच्या बरोबर मधोमध बाण घुसला होता, पार पिसांपर्यंत.

मागची सगळी माणसं येऊन थांबली. वारा सुटला होता. बुजगावण्याची बाही हलली. मोतीबाईनं शर्ट ओळखला आणि तोंडाला पदर लावला. पाटलांनी चप्पल पुन्हा पायात घालावी तसा चेहरा पुन्हा सरकारी केला, आणि निकिताकडे वळून विचारलं, की नेम कशावर धरला होता.

निकिता खाली मान घालून खरं ते बोलली. "कडब्याच्या पेंढीवर जी."

रामलाल शर्टाजवळ गेला. बाणाच्या पिसांना हात लावून पाहिला, मग मागे वळून, इतक्या लांबून, पेंढी कुठं आहे ते पाहिलं. मग पुन्हा खिशाकडे पाहिलं. पोटावरचं ताट त्यानं हळूच शर्टाच्या आतून काढलं आणि काखेत धरलं.

"विठ्ठलराव," तो गंभीरपणे म्हणाला, "सुनेले एक सांगून ठेवजा. पुढच्या टायमाले नेम माह्यावरच धरजो म्हणा."